मोटारीचं पिल्लू

फुले मार्केटात, दुसऱ्या मजल्यावर,
हार्मोनियमच्या खोक्यांमागं तीन टांगलेल्या होत्या.
पांढरी, लाल,
आणि एक काळी, जिच्या मानेवर
कुणीतरी आधीच घाम गाळून गेलेलं.

पांढरी न्या, दुकानदार म्हणाला, फोटोत उठून दिसते.
मुबारक तडवीला लाल हवी होती,
त्याचे ड्रम लाल आहेत, एवढंच कारण.
मृणाल फालक गप्प. ती गाते.
गाणाऱ्याला गिटार म्हणजे
आवाजावर चालून येणारं वऱ्हाड.

पांढरी वाजली पाहुण्यांकडं चहा घेतल्यासारखी,
थोडी, सभ्य, कपबशी न वाजवता.
लाल गोड. गोड आम्हाला नको होतं.
माझा मामा लग्नात बँजो वाजवतो, लोखंडी कर्ण्यातून,
मांडवाच्या चार गल्ल्या पलीकडं फाटका आवाज जातो त्याचा.
फाटकं कसं वाजवायचं
हे आम्हाला कुणी परदेशातून शिकवायला नको.

काळी उचलली.
वीस-बावीस किलोचे घड मी शाळेपासून वाहिलेत,
तरी खांद्यानं दखल घेतली.
जॅक लावला. मागचा पिकअप मेलेला,
पुढचा बोलत होता,
पण उरूस उरकून आलेल्या कव्वालासारखा.
तेरा हजार, तो म्हणाला.
मी मेलेल्यावर बोट ठेवलं.
साडेसहाला सुटली, पट्टा फुकट.
फैजपूरच्या एसटीत तिला खिडकी मिळाली, मला दांडी.

सावद्यात शब्बीर पिंजारी पाणबुडी मोटारी भरतो.
त्यानं पत्रा काढला, भिंग लावलं, बराच वेळ पाहिलं.
काय भो, हे तं मोटारीचं पिल्लू!
तार आहे, चुंबक आहे,
फक्त फिरत काही नाही.

मी विचारलं, दोन कॉइल कशाला?
एक सुलटी, एक उलटी, तो म्हणाला.
बाहेरची गुणगुण दोघींत शिरते
आणि एकमेकींत मरते.
तुझी तार हलली की मात्र
दोघी एका तोंडानं बोलतात.
एवढं कोणी मला सांगितलं नव्हतं,
सांगितलं असेल तर आवाजात ऐकू आलं नसेल.

पाच हजार वेढे, केसाहून बारीक.
बेचाळीसशेवर तार तुटली.
तो उठला, पान खाऊन आला,
पहिल्या वेढ्यापासून बसला.
मजुरी विचारली तर म्हणाला, ऐकू दे आधी.

आम्ही वाजवतो कोल्हेकाकांच्या केळी पिकवायच्या खोलीत.
माल दिल्लीला निघाला की दोन दिवस ती आमची.
भिंतीत वीतभर थर्मोकोल, दार तिजोरीचं.
बाहेर त्रेचाळीस, आत सतरा.
मृणाल स्वेटर घालून गाते, मे महिन्यात,
आणि रस्त्यानं जाणाऱ्यांना वाटतं
आत केळी पिकतायत.

रात्री दहाला थ्री-फेज आली.
शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम उठल्या.
या वेळी आधीची, उसनी गिटार
ओढ्यातल्या बेडकासारखी धरून बसायची एकच सूर,
आणि मुबारक त्या सुराला शिव्या द्यायचा, तालात.

काळीची कळ मी मागच्या पिकअपवर टाकली,
आवाज शेवटपर्यंत फिरवला.
काही नाही.
बिघडली, मृणाल म्हणाली.
पंख्याचा थंड वारा तेवढा ऐकू येत होता.

मग मी जाड तारेवर हात टाकला.

मुबारकच्या झांजा न मारता वाजल्या.
रॅकमधून एक विसरलेलं केळं खाली पडलं.
पहिल्या गाण्यात माझे दोन सूर चुकले,
दुसऱ्यात मोजले नाहीत.

शब्बीर दाराशी उभा होता, चपला हातात घेऊन,
देवळात की कारखान्यात आलोय हे न ठरवता.
गाणं थांबलं तसा पुढं आला,
वाजव म्हणाला, थांबू नको,
आणि नुकत्याच चालू केलेल्या मोटारीवर ठेवतो तसा
काळीच्या लाकडावर पालथा हात ठेवून
डोळे मिटून उभा राहिला.

बेअरिंग चांगलं आहे, म्हणाला.
मजुरीचे तीनशे दे.